सिदोबाच्या माळाचं स्वच्छ चित्र

मायाक्काने बापासाठी नेलेली भेट बापाला आवडली नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

भेट म्हणजे एक चित्र होतं. चांगलं दोन हात लांब, जाड कागदावर छापलेलं, उपग्रहातून काढलेलं सिदोबाच्या माळाचं चित्र. माण तालुक्याच्या टोकाला असलेला हा माळ म्हणजे देवकात्यांच्या वाड्याचं पावसाळ्यातलं घर. वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. धनगरांच्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात : पाच घरची माणसं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि घोड्याच्या पाठीवर बांधून नेलेल्या कोंबड्या. दसरा झाला की वाडा पश्चिमेला निघायचा, घाट उतरून कोकणात जायचा आणि मिरगाच्या सुमाराला माळावर परत यायचा. मायाक्काचा जन्म याच माळावरचा. ती आश्रमशाळेत शिकली, पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली आणि आता खगोलचित्रण केंद्रात ‘नभवेध’ उपग्रहाची चित्रं तयार करण्याच्या कामावर होती. केंद्रात तिला सगळे माया म्हणत. हे आईला कळलं तेव्हा अर्धं नाव पुण्यात कुणाला देऊन टाकलंस, असं तिने विचारलं होतं.

आप्पांनी, म्हणजे बिरू देवकात्यांनी, चित्र घोंगडीवर पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि वाकून बघायला सुरुवात केली. ओढा ओळखला, सिदोबाचं देऊळ ओळखलं, गेल्या साली वीज पडून जळालेली बाभूळ इथे अजून हिरवी आहे हेही बरोबर ओळखलं. मायाक्का खूश होती. मग आप्पांचं बोट चित्रावरून इकडे तिकडे फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

“ह्यात मेंढरं कुठायत?”

चित्र दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातलं होतं आणि त्या श्रावणात वाडा माळावरच होता. मायाक्काने समजावलं की चित्र साफ केलेलं आहे, त्यात ढग नाहीत, ढगांच्या सावल्या नाहीत, हलणारं असं काहीच नाही.

“साफ केल्यालं म्हंजी?” आप्पा म्हणाले. “आमी घाण हाय व्हय?”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो धुळा, तिचा चुलतभाऊ, कारण आप्पांच्या तावडीत आज त्याच्याऐवजी दुसरं कुणी सापडलं होतं. मायाक्काही हसली. पण परतीच्या एसटीत तिला ते वाक्य टोचत राहिलं आणि साताऱ्यापर्यंत तिला झोप लागली नाही.

नभवेधला डोळा एकच आहे. उपग्रह दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. फेरीतला जो भाग पृथ्वीच्या सावलीतून जातो, तेवढा वेळ तो डोळा ताऱ्यांकडे वळवतात आणि उजेडात आला की जमिनीकडे. बनवला होता ताऱ्यांसाठीच. जमिनीचं काम त्याला पोटापाण्यासाठी जोडून दिलेलं.

ताऱ्यांचा फोटो एकदा काढून भागत नाही. अवकाशात भरकटणारे कण कॅमेऱ्यावर आदळतात आणि नसलेले तारे उमटतात. दुसरे उपग्रह मधूनच रेघ ओढून जातात. म्हणून एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढायचे, एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक ठिपक्यापाशी एकच प्रश्न विचारायचा : इथे बहुतेक वेळा काय दिसलं? बहुतेक वेळा दिसलं ते खरं. एखाददुसऱ्या वेळी दिसलं ते काढून टाकायचं. हा हिशेब उपग्रहातच होतो, कारण सगळे कच्चे फोटो खाली पाठवायचे म्हटलं तर वर्ष पुरणार नाही. केंद्रात या प्रोग्रामला चाळणी म्हणत आणि चाळून वर राहिलेल्याला कोंडा.

पुढे जमिनीचे फोटो सुरू झाले तेव्हा हीच चाळणी जमिनीला लावली. ढग आज इथे, उद्या तिथे, तेव्हा ते आपोआप गेले. भर पावसाळ्यात निरभ्र महाराष्ट्र दिसायला लागला आणि केंद्राचं सगळीकडे कौतुक झालं. ही चूक फक्त ताऱ्यांची माणसंच करू शकतात. त्यांच्या लेखी जे जागा सोडत नाही तेवढंच खरं. त्या चाळणीत ढगांबरोबर होड्या गेल्या, आठवड्यातून एकदा भरणारे बाजार गेले, वरातीही गेल्या. आणि रोज नव्या जागी चरणारी मेंढरं गेली. तक्रार कुणी केली नाही, कारण आपण चित्रात आहोत की नाही हे बघायला कुणी जात नाही. आप्पांनी बघितलं, ते भेट आणली म्हणून.

तोवर हे चित्र नुसतं शोभेचं राहिलेलं नव्हतं. सरकारने नेमलेलं माळ-वापर मंडळ पडीक जमिनी हुडकून त्यांवर सौरऊर्जेचे पट्टे उभारायला देत होतं. नियम सोपा होता. लागोपाठ चार पावसाळ्यांच्या नभवेध-चित्रात जमिनीवर कुणाचा वावर दिसला नाही, तर ती जमीन रिकामी. माणसाला गप्प करता येतं, दमदाटी करता येते. उपग्रहाला नाही येत, म्हणून मंडळाचा त्याच्यावर भरवसा. वाईट हेतू यात कुणाचाच नव्हता. जूनमध्ये सिदोबाच्या देवळाच्या भिंतीवर नोटीस लागली. धुळाने ती वाचली आणि मायाक्काला फोन केला. माळ रिकामा ठरला होता. हरकतींची सुनावणी दसऱ्याच्या आधी होणार होती.

मायाक्का डॉ. आगट्यांकडे गेली. आगटे केंद्राचे प्रमुख. सूर्याभोवती फिरणारे लहान लहान दगड, म्हणजे लघुग्रह, शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि मूळ चाळणी त्यांनीच लिहिली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की चित्र चुकीचं नाही. ढगांशिवाय जमीन दाखवा असं सांगितलं होतं, तशी ती दाखवली. तिचा अर्थ काय लावायचा हे मंडळाचं काम. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मायाक्काला जास्त राग आला.

मग तिने मंडळाच्या सदस्य वैशंपायन मॅडमना फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या. त्या म्हणाल्या, तोंडी साक्षी ऐकायच्या ठरवल्या तर प्रत्येक माळावर पन्नास मालक उगवतील. मात्र यंदाच्या चित्रात वाडा दिसला तर हरकत नक्की विचारात घेऊ.

फोन ठेवता ठेवता मायाक्काला उपाय सुचला. चाळणीला बहुतेक वेळा जे दिसतं ते खरं वाटतं ना? मग वाडा एका जागी बसवून ठेवायचा. नागपंचमीपासून गणपती बसेपर्यंत मेंढरं एकाच पट्ट्यात राहिली, तर चाळणीला ती खरी मानावीच लागतील. हिशेबात कुठेही खोट नव्हती.

आप्पांना ते पटलं नाही. “येका जागी? मेंढराला?” एवढंच ते म्हणाले. पण लेक शिकलेली, आकाशातलं तिला कळतं, आणि माळ जायची वेळ आलेली. त्यांनी देवळामागचा पट्टा निवडला आणि वाडा बसवला.

पहिले काही दिवस गमतीत गेले. उपग्रह सकाळी न्याहारीच्या सुमाराला डोक्यावरून जातो असं मायाक्काने सांगितलं होतं, तेव्हा धुळा रोज त्या वेळी लाल पटका बांधून, छाती पुढे काढून मोकळ्यावर उभा राहायचा. आप्पा वर बघून हात जोडायचे. मग पट्ट्यातलं गवत संपलं. मेंढरं मुळं उकरायला लागली. वर पाऊस, खाली तुडवून झालेला चिखल, आणि त्यात रात्रंदिवस उभं राहून त्यांची खुरं सडली. बाया लांबून पाला तोडून आणायच्या, तो पुरायचा नाही. कोकरं मरायला लागली. आईने फोनवर मायाक्काला हे सांगितलं तेही तिची चूक काढायला नव्हे, विचारायला : अजून किती दिवस? मायाक्काने आणखी थोडे दिवस म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

गणपती बसले आणि चित्र आलं. चाळणीने वाड्याला खरं मानलं होतं, पण मायाक्काच्या मनातल्या पद्धतीने नव्हे. पट्ट्याच्या आतल्या आत मेंढरं हलत होती, त्यामुळे मेंढरू म्हणून एकही उमटलं नव्हतं. जागा न सोडणारी गोष्ट तिथे एकच होती, ती म्हणजे उघडा पडलेला चिखल. हिरव्यागार माळावर देवळामागे एक तपकिरी डाग दिसत होता. सुनावणीच्या आधीचं मंडळाचं उत्तर आठवड्यात आलं. वावर सिद्ध होत नाही. मात्र अतिचराईने जमिनीची हानी झाल्याचं स्पष्ट दिसतं, सबब कुंपणाचं काम लवकर हाती घेणं इष्ट.

त्या संध्याकाळी धुळाचा फोन आला. “तुज्या चित्रापायी कोकरं घालवली आमी,” तो म्हणाला. त्याने फोन ठेवून दिला. ती त्या दिवशी जेवली नाही. स्वतःच्या हुशारीची इतकी चीड तिला आधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आगट्यांसमोर जाऊन बसली आणि या वेळी तिने तक्रार न करता कोंडा मागितला.

ताऱ्यांच्या बाजूचा कोंडा केंद्रात रोज उतरवून घेत, कारण लघुग्रह त्यातच सापडतात. तारे जागचे हलत नाहीत, लघुग्रह हलतो, म्हणून चाळणी त्याला बाहेर टाकते आणि आगटे त्याला तिथून उचलतात. जमिनीच्या बाजूचा कोंडा मात्र कुणी कधी मागितला नव्हता. पुढेमागे ढगांची पडताळणी करायला लागेल म्हणून तो उपग्रहाच्या स्मृतीत साठत राहिला होता : काढून टाकलेला ठिपका कुठे होता, केव्हा होता आणि किती उजळ होता, एवढंच. चार वर्षांचा सगळा होता. तो उतरवायला मात्र आठवडाभर आगट्यांच्या लघुग्रहांचं काम थांबवावं लागणार होतं.

“गंमत आहे,” आगटे म्हणाले. “आकाशात जे जागा सोडतं, त्याला आम्ही नाव देतो. त्याच्यासाठी जन्मभर कोंडा उपसला मी. आणि खाली तेच पुसत बसलो.” त्यांनी सही केली आणि तो आठवडाभर ते सगळ्यांशी तुसड्यासारखे वागले.

कोंडा उतरला. मायाक्काने त्यातून ढग वेगळे केले, ते मोठे म्हणून सोपे. रस्त्यांवरची वाहनं काढली. उरले बारीक पांढरे ठिपके, घोळक्याने असणारे आणि दिवसाला कोस-दोन कोस सरकणारे. सिदोबाच्या जत्रेला वाडा देवळापाशी असतो हे तिला माहीत होतं, तिथून तिने एक घोळका धरला आणि पुढच्या दिवशी तो कुठे गेला हे शोधत निघाली. ढगांमुळे मधले दिवस गायब होते, पण सापडले तेवढे पुरे होते. चार पावसाळे माळभर फिरलेला वाडा पडद्यावर उमटला. गवत संपायच्या आत उठणारा, दोनदा एका जागी न बसणारा. तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

इथे थांबली असती तर चाललं असतं. पण घोळका पुढे जात होता आणि तिला थांबवेना. ती त्याच्यामागे पश्चिमेला गेली. घाटमाथा, उतार, कोकणातली भाताची कापलेली शेतं, जिथे खतासाठी मेंढरं रात्रभर बसवतात आणि शेतकरी बदल्यात भात देतो. मग परतीची वाट. एका वर्षी वाडा एका शेतात खूप दिवस बसून राहिला होता. तारखा तिने पुन्हा बघितल्या. तिच्या शेवटच्या परीक्षेचे दिवस होते ते. तेव्हा रोज फोनवर सगळं ठीक असल्याचं तिला सांगत होते. तिने आईला फोन लावून विचारलं. आई आधी काहीबाही बोलली, मग म्हणाली की मला पान लागलं होतं, उठवत नव्हतं, तुला सांगून काय करायचं होतं, परीक्षा सोडून आली असतीस. साप चावल्याची ही बातमी मायाक्काला चौथ्या वर्षी अवकाशातून कळली. तिने पडदा बंद केला आणि ती घरी गेली.

सकाळी येऊन तिने वाट पुन्हा पाहिली, तेव्हा रात्री न सुचलेली गोष्ट दिसली. घाटमाथ्यावर राखीव जंगल आहे, चराईला पूर्ण बंद. आप्पांची वाट त्याच्या मधून जात होती. दर वर्षी, जाताना आणि येताना. जंगलाला वळसा घालायचा तर मधे धरण आहे, ऊस आहे, कुंपणं आहेत. मेंढरं न्यायला दुसरी वाट उरलेली नाही हे तिला ठाऊक होतं. जंगलखात्यालाही मोघम ठाऊक असणार. पण आजवर ते कुणी असं रेघ ओढून पाहिलेलं नव्हतं.

तिने वैशंपायन मॅडमना विचारलं की फक्त माळापुरता भाग दिला तर चालेल का. नाही चालणार. कापलेली नोंद हा पुरावा होत नाही. उपग्रहाच्या शिक्क्यासह सगळी द्यावी लागेल, आणि मंडळाच्या पद्धतीप्रमाणे तिची प्रत संबंधित सगळ्या खात्यांना जाईल. मात्र ती दिली तर माळावरचा तुमचा हक्क बहुधा मान्य होईल, असं त्या स्वतःहून म्हणाल्या.

मायाक्का रजा टाकून माळावर गेली. वाडा आता देवळापासून लांब, ओढ्यापलीकडे हलला होता. मेंढरं लंगडत होती पण चरत होती. तिने आप्पांपुढे टॅब ठेवला. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ठिपक्यांची वेडीवाकडी माळ होती, माणपासून समुद्राजवळपर्यंत आणि परत.

आप्पांना ती काय आहे हे सांगावं लागलं नाही. थोडा वेळ बघून त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “हितं तांबडी घोडी मेली.” बोट पुढे सरकलं. “हितं पूर आल्ता, हिकडनं वळलो आमी. ह्यो सावताचा मळा, मानूस लई चांगला.” एकेक मुक्काम ते नावाने सांगत गेले. आई मागून वाकून बघत होती, बाकीच्या बाया जमल्या, धुळाही आला. आप्पांचा चेहरा मायाक्काने इतका खुललेला कधी बघितला नव्हता. आयुष्यभर चाललेली वाट त्यांनी पहिल्यांदाच सबंध, एका नजरेत बघितली होती. मग त्यांचं बोट घाटमाथ्यावर आलं आणि थांबलं.

“ह्ये आनि कोन बघनार?” त्यांनी विचारलं.

मायाक्काने काहीच लपवलं नाही. हे दिलं तर माळ मिळेल. हे दिलं तर जंगलातली वाटही सगळ्यांना दिसेल. गुन्हे दाखल होतील की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या दसऱ्याला घाटमाथ्यावर कुणीतरी उभं असणार हे नक्की.

धुळा म्हणाला द्यायचं. तो चिडून बोलत नव्हता, आणि त्याचं बोलणं खोटंही नव्हतं. त्याला दोन पोरी होत्या आणि वाड्यामागे फिरताना त्यांच्या शाळेचे हाल होत होते. “किती फिरायचं आप्पा? हक्काचा माळ मिळतुय. थोडी मेंढरं इकू, हितंच ऱ्हाऊ. मायाक्का शिकली ती वाडा सोडला म्हनूनच की.”

वाडा कुठून कुठे जाणार हे ठरवायचा मान एकाच माणसाचा असतो. त्याला मिस्त्री म्हणतात आणि तो निर्णय एकदा दिला की त्यावर वाद घालत नाहीत. देवकात्यांच्या वाड्याचे मिस्त्री आप्पा होते. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला, एक लंगडं मेंढरू पकडून त्याचं खूर साफ केलं, त्याला सोडून दिलं आणि मग बोलले.

“माळ गेला तर वाट ऱ्हाती. पावसाळ्याला दुसरं कुटं तरी बगू, हाल हुतील, पन बगू. वाट गेली तर माळ घिऊन काय करू? आठ म्हैनं मेंढरं काय खातील? आनि त्या वाटंनं आमी येकलंच जात न्हाई, मायाक्का. हाक्यांचा वाडा जातुय, कोळेकरांचा जातुय. त्यांना कुनी इचारलंय?”

“मग हे ठेवू तरी का?” मायाक्का म्हणाली.

“नगं. असलं तर कवा न् कवा मागत्यात. पूस.”

“आप्पा, पुसलं की परत न्हाई मिळत. वरचंबी पुसावं लागंल.”

“पूस म्हनलं की.”

धुळा उठून ओढ्याकडे निघून गेला. आईने त्याला हाक मारली नाही.

पुण्यात मायाक्काने आगट्यांना सगळं सांगितलं. आपली चूक निस्तरायला दिलेला पुरावा हीच मुलगी पुसून मागते आहे, हे त्यांना आधी उमजेना. तिने नकाशावर घाटमाथा दाखवला तेव्हा उमजलं. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की? मग उपग्रहाला आज्ञा गेली. जमिनीच्या कोंड्याची जागा लघुग्रहांना दिली गेली आणि तो यापुढे साठवायचाच नाही असंही ठरलं. केंद्रातल्या प्रती मायाक्काने आपल्या हाताने काढल्या. टॅबवरची शेवटी.

सुनावणी तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या सभागृहात झाली. वैशंपायन मॅडम आणि दोन सदस्य पुढे बसले होते. केंद्राचा प्रतिनिधी म्हणून चित्राबद्दल सांगायला कुणीतरी लागतं. आगट्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवायची तयारी दाखवली होती, पण मायाक्काच गेली. आप्पा तिसऱ्या रांगेत, पटका मांडीवर घेऊन बसले होते. धुळा आला नव्हता.

सिदोबाच्या माळाचा पुकारा झाला. मायाक्काने उभं राहून वाचलं की चार पावसाळ्यांच्या स्वच्छ चित्रांत या माळावर कोणाचाही वावर आढळत नाही. यंदाच्या चित्रात देवळामागे एक उघडा पट्टा दिसतो. ती सावकाश वाचत होती.

“हरकत घेणारे देवकाते,” वैशंपायन मॅडम समोरचा कागद बघत म्हणाल्या. “तुमचंही आडनाव तेच.”

“माझे वडील आहेत. तिथे बसलेत.”

बाईंनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी नमस्कार केला. त्या वाईट नव्हत्या, आणि समोर बसलेला माणूस त्यांना दिसत होता.

“केंद्राकडे याहून वेगळी काही नोंद आहे का? तुम्ही मला मागे फोनवर काहीतरी विचारलं होतं.”

“नाही,” मायाक्का म्हणाली. “आता नाही.”

बाईंनी ‘आता’ हा शब्द ऐकला. त्यांनी पेन उचललं, तसंच धरून ठेवलं, आणि मग त्यांनी हरकत फेटाळल्याचं लिहिलं. पुढच्या माळाचा पुकारा झाला.

बाहेर चहाच्या टपरीवर मायाक्काला रडू आवरेना. भर बाजारात, गळ्यात केंद्राचं ओळखपत्र घालून ती हुंदके देत होती. ज्या माळावर ती जन्मली, तो रिकामा आहे असं तिने स्वतःच्या तोंडाने, बापासमोर सांगितलं होतं. आप्पांनी तिला रडू दिलं. दोन चहा सांगितले, तिचा तिच्यापुढे सरकवला, आपला बशीत ओतून प्यायले. ते म्हणाले की वाडा परवा हलणार, दसऱ्याला माळावर थांबणार नाही. कुंपणवाले यायच्या आत निघालेलं बरं. धुळा येणार नाही म्हणतोय. त्याच्या वाटणीची मेंढरं त्याला देऊन टाकायची, भांडायचं नाही. हे सगळं ते बाजारहाट सांगावा तसं सांगत होते.

चहा संपला. आप्पांनी बशी पालथी घातली आणि ते तिच्या बाजूला सरकून बसले.

“त्ये तुजं यंत्र हाय का संगं?” त्यांनी विचारलं. “ती वाट दाव की जरा. त्या दिशी नीट बगून झालं न्हाई. समद्यांनी गर्दी केल्ती.”

मायाक्काने रिकामा कप खाली ठेवला.

“आप्पा, पुसली ती.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “पुसली की.” त्यांनी पटका डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली आणि तिला एसटी किती वाजता आहे ते विचारलं.